चौदाचे दहा

"इंजिन बंद करू नका, मॅडम. चालूच राहू द्या," आरती बॉनेटखालून म्हणाली.

उमादेवीनं किल्लीवरचा हात काढला. गाडी आचके देत होती. औसा रस्त्यावर ती आज पुन्हा बंद पडली होती, आणि कशीबशी चालू करून उमादेवीनं ती थेट लातूरच्या या गॅरेजात आणली होती. गल्ली अरुंद होती. दारावर पाटी नव्हती.

"पत्ता आप्पांनी सांगितला का?"

"हाव," उमादेवी म्हणाली.

आप्पा म्हणजे तिचा नवरा, माणिकप्पा. रेणापुरात त्याचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. उमादेवी किल्लारीच्या शाळेत शिकवायची. आठवडाभर गाडी तिच्याकडं असायची, रविवारी त्याच्याकडं. गेले काही रविवार तो गाडी दाखवायला म्हणून इथंच येत होता. कपाळाला विभूती लावून, इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी निघायचा, तो दिवस मावळताना परत यायचा.

उमादेवी खाली उतरून खुर्चीवर बसली आणि आरतीकडं पाहू लागली. तिशीतली बाई. वडिलांमागं गॅरेज तीच चालवत होती. ड्रेसवर वडिलांचाच जुना खाकी शर्ट, हनुवटीला ग्रीस. दिसायला चांगली आहे का, हे उमादेवीनं नीट निरखून पाहिलं. तशी काही नव्हती. त्यानं तिला जास्तच राग आला.

"आप्पांना अंबाडीची भाजी लई आवडती, न्हाई का?" मीटरच्या वायरी सोडवत आरती म्हणाली. "माझ्या डब्यातली सगळी संपवली त्यांनी."

घरी माणिकप्पा अंबाडीला हात लावत नव्हता.

"गाडीला झालंय काय, ते सांगा," उमादेवी म्हणाली.

"तेच बघून राहिले. इंजेक्टर साफ केले, बदलून पाहिले, तरी तेच. इंजेक्टरचा प्लग काढून मोजलं की करंट पुरता दिसतो. म्हणून आज प्लग तसाच ठेवून, चालू इंजिनात मोजते." तिनं मीटरची बारीक सुई इंजेक्टरच्या प्लगात मागून सरकवली. "हे बघा. बॅटरीवर चौदा व्होल्ट, इथं दहा. हा इंजेक्टर इंजिनात पेट्रोल फवारतो. दहावर तो वेळेवर उघडत न्हाई. पेट्रोल कमी पडतं, मग गाडी आचके देणारच."

"मग मधले चार गेले कुठं?"

"वाटेत कुठंतरी गळून राहिले. शोधावं लागंल."

उमादेवीचा मोबाईल वाजला. शाळेतले भागवत सर होते. ते रोज तिच्या गाडीतून औशापर्यंत यायचे. तिथं दोघं चहा घ्यायची आणि मग ती पुढं निघायची. "नीट पोचलात ना?" त्यांनी विचारलं. "पोचले," म्हणून तिनं फोन ठेवला. परवाच माणिकप्पा म्हणाला होता, औशात कशाला थांबतेस, चहा घरी येऊन घेत जा. दुसऱ्याला शिकवायला त्याला बरं सुचतं, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

आरती एकेक ठिकाणी सुई टेकवत चालली होती. रिलेवर चौदा. फ्यूजवर चौदा. "इथपर्यंत ठीक हाय. गडबड याच्या पुढं. इथून इंजेक्टरची वायर स्टिअरिंगखालून जाते." मग ती टॉर्च घेऊन ड्रायव्हरच्या सीटपुढं आडवी झाली आणि तिनं स्टिअरिंगच्या खालून आत हात घातला.

उमादेवी खुर्चीवरून उठली.

दिवाळीनंतर तिनं लातुरातच ते बसवून घेतलं होतं. काडेपेटीएवढी डबी. गाडी कुठं आहे ते मोबाईलवर दिसायचं. तेव्हा संशयाला नाव नव्हतं, माणिकप्पा फोन आला की उठून अंगणात जायचा, एवढंच. बसवणाऱ्यानं स्टिअरिंगखालची एक वायर कापली, डबीची वायर तिच्यात पिळली आणि वर टेप गुंडाळली. गाडी त्यानंतरच आचके द्यायला लागली, हे आत्ता कुठं तिच्या ध्यानात येत होतं. गाडी बिघडली म्हणून तो इथं आला. तो इथं आला म्हणून मोबाईलवरचा ठिपका रविवारभर या गल्लीत थांबला. ज्या बाईच्या रागानं तिला झोप येत नव्हती, तिच्या दारात नवऱ्याला तिनंच आणून बसवलं होतं.

आरती बाहेर आली. तिच्या तळहातावर ती डबी होती, वायर लोंबत होती.

"जोड काळा पडलाय पार. चार व्होल्ट इथंच जात होते."

उमादेवीनं आजूबाजूला पाहिलं. गॅरेजात दुसरं कुणी नव्हतं.

"ते माझं हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "आप्पांना सांगू नका."

आरतीनं डबी बाजूला ठेवली. तिनं वायर सोलून साफ केली, कथलाचा डाग देऊन पक्की जोडली, वर नवी टेप लावली. इंजिन चालू करून इंजेक्टरवर पुन्हा मोजलं. जवळजवळ चौदा. गाडी आता एका लयीत चालत होती, आणि ती बिघडलेली होती यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

उमादेवीला रडू येईलसं वाटलं. इतके दिवस मनात काय काय आणलं आपण, आणि कुणाबद्दल.

"एक विचारू?" ती म्हणाली. "दिवसभर ते इथं करतात तरी काय?"

"बसतात. बोलतात."

"कशाबद्दल?"

"तुमच्याबद्दलच." आरतीनं बॉनेट खाली घेतलं आणि दोन्ही हातांनी दाबून बसवलं. "मागल्या रविवारी पेट्रोलचा पंप बघायचा म्हणून मी मागचं सीट उचललं, तर खाली अशीच एक डबी. आप्पा बी हेच म्हणले. माझं हाय, मॅडमला सांगू नका."