उरलेले पाव

आंबवलेल्या पिठातल्या एका जिवाणूकडून बुरशी रोखणारं द्रव्य भरपूर काढून घ्यायला तिची कित्येक वर्षं गेली. तो जिवाणू सापडला होता बाबांच्याच बंद पडलेल्या बेकरीतल्या आंबवणाच्या बरणीत. आज प्रयोगशाळेतून तडक घरी येऊन तिने ते द्रव्य घालून पंधरवडाभर ठेवलेला पाव त्यांच्यापुढे धरला. “बघा, बुरशीचा ठिपकासुद्धा नाही. हे तेव्हा जमलं असतं, तर बेकरी बुडाली नसती.” बाबांनी पाव उलटसुलट करून हुंगला, तिची पाठ थोपटली. मग स्वतःशीच हसले. “उद्या बुरशी येईल म्हणून उरलेले पाव आपण संध्याकाळी गल्लीत वाटायचो. पोरं तुला पावबाई म्हणायची, आठवतं?” तीही हसली. एव्हाना बाबांनी पाव कापायला घेतलाही. “अहो बाबा, अजून आठवडाभर टिकेल तो!” “टिकेल गं,” बाबा चपला घालत म्हणाले, “पण शेजाऱ्यांचं दार वाजवायला निमित्त नको का?”