मधली गाठ

भात झोडून झालं की काळू नदीवर बांबूचा साकव बांधायचा आणि त्यासाठी घरटी एक बांबू द्यायचा, हा दोन्ही काठांचा जुना रिवाज. मधली, शेवटची गाठ मात्र वाटेल त्यानं मारायची नाही. वर्षभरात ज्यांचं भांडण झालं असेल, असा एक अलीकडचा आणि एक पलीकडचा माणूस पाण्यात उतरतो. एकानं बांबू धरायचा, दुसऱ्यानं दोर आवळायचा.

यंदा सगळा साकव तयार झाला आणि गाठ अडली.

“यंदा भांडलंय कोण?” अलीकडच्या काठावर चुलीपाशी बसलेल्या मैनाकाकीनं विचारलं.

दोन्ही काठांवरची माणसं एकमेकांकडे बघू लागली.

“कोणीच नाय? मग वर्षभर केलंत काय रे?” काकी वैतागली. चुलीवर कोंबडीचा रस्सा उकळत होता, पण गाठ बसल्याशिवाय पंगत बसत नाही.

“मीच मारतो गाठ,” अलीकडचा बारकू म्हणाला.

“तू नको!” पलीकडून रवींद्र ओरडला. “गेल्या साली तुझी गाठ होळीलाच सुटली.”

“तू बांबू ढिला धरलास, म्हणून सुटली!”

“मी ढिला धरला? तुला दोर आवळता येत नाय ते सांग ना!”

मैनाकाकीनं आनंदानं टाळी वाजवली. “मिळालं बाय भांडण! उतरा रे दोघं पाण्यात.”

गाठ बसली. पंगत उठली. मग पलीकडची सगळी माणसं ढेकर देत शेजारच्या सिमेंटच्या पुलावरून आपापल्या घरी गेली.