मंगळवारची राख

ब्रॅम्पटनमधल्या आमच्या चर्चच्या बेसमेंटमध्ये दुपारचा कार्निव्हल संपला आणि मी लेकीचा, ऑलिव्हियाचा, मुखवटा काढला. तिच्या कपाळावर राखेचा ओला क्रूस होता.

कपाळावर असा क्रूस काढतात तो राखेचा बुधवार तर उद्या! ज्यांची ही राख करतात त्या गेल्या वर्षीच्या झावळ्या अजून जाळल्याही नव्हत्या. दारापाशी खोक्यात तशाच पडल्या होत्या.

“हा कोणी काढला गं?” मी जरा चिडूनच विचारलं.

“पप्पा डिड. ही वॉज वेअरिंग हिज मास्क.”

तिच्या पप्पाची, आल्बर्टची, शेजारच्या वॉन शहरातल्या वेअरहाउसमधली शिफ्ट अजून सुटायची होती. त्याच्यासाठी रंगवलेला मुखवटा सबंध दुपार माझ्याच खांद्यावरच्या पिशवीत होता.

मी त्याला दोनदा फोन लावला. त्याने उचलला नाही.

मग पिशवीतून मुखवटा काढला. पुठ्ठा कोमट होता. आतल्या बाजूला, कपाळापाशी, तसाच ओला क्रूस उमटला होता.