दोन बोटं कमी

स्टेजचा पडदा चार बोटं लांब झाला होता. माप नणंदेने घेतलं होतं, तेही सुतारांनी स्टेज उंच करायच्या आधी. त्यामुळे भर दुपारी नणंद-वहिनी दोघी रिकाम्या हॉलच्या मागच्या बाजूला फरशीवर फतकल मारून बसल्या होत्या आणि चाळीस फूट काळं कापड दुमडून हाताने टाके घालत होत्या.

"वहिनी, तुझी ती गोष्ट सांग," नणंद म्हणाली. "हात भरभर चालतात. भेट नंबर एक."

"पाठ आहे तुला."

"म्हणून तर. कुठे चुकतेस ते बघते."

संध्याकाळी याच स्टेजवर डीजे भोवरा वाजवणार होता. तबकड्या फिरवता फिरवता स्वतःही गरगरायचा, म्हणून त्याला सगळे भोवराच म्हणत. बावीस वर्षं वहिनी त्याच्या गोष्टी सांगत होती आणि बावीस वर्षं घरात पाहुणे आले की नणंद विचारत होती, "वहिनीची टेप लावू का?"

वहिनीने टाका ओढला. "गुरुवारी डीजे नाइट असायची. मी शिलाईच्या दुकानातून थेट जायचे, गळ्यात मोजपट्टी तशीच. पहिल्याच गुरुवारी त्याला जाऊन सांगितलं, तुमचा बेस माझ्या दाढांत वाजतोय आणि गाणं ऐकूच येत नाही."

"आणि त्याने तुला हाकललं नाही."

"त्याने विचारलं, उभी कुठे होतीस? म्हटलं, मागच्या खांबाजवळ. तर म्हणाला, हॉलमध्ये काय ऐकू येतं ते मला इथून कळत नाही. तू तिथेच थांब आणि खूण कर."

"मग तू दोन हातांत पट्टी धरायचीस," नणंदेने गोष्ट हातात घेतली. "हात जवळ आणले की बेस कमी, लांब नेले की जास्त. दर गुरुवारी. आणि तो तुला मोजपट्टी म्हणायचा." तिने दातांनी दोरा तोडला. "पाचशे माणसं नाचतायत, अंधार आहे, आणि त्याला तुझी पट्टी दिसायची."

"पिवळी होती."

"आणि फोटो एकही नाही."

"हात मोकळे होते कुठे?"

नणंद हसली. वहिनीही हसली, पण शेवटची भेट तिने आज सांगितली नाही. त्या गुरुवारी तो स्वतः खांबापर्यंत चालत आला होता. म्हणाला होता, "मोजपट्टी, तू आहेस म्हणून लोक गाणं ऐकतात. नाहीतर नुसते हादरले असते." पुढच्या आठवड्यात तिचं लग्न झालं आणि गाव सुटलं.

तिने टाचण्या ओठांत धरल्या आणि पुढची दुमड घातली. तेवढ्यात मागचं दार उघडलं.

केस पांढरे झाले होते, चष्मा दोरीने गळ्यात लोंबत होता, पण चाल तीच, अर्ध्या गिरकीची. कापडाशी येऊन तो थबकला आणि लांब टांग टाकून पलीकडे गेला.

"तुडवलं नाही ना मी?" त्याने विचारलं.

वहिनीने मान हलवली. ओठांत सात टाचण्या होत्या. तो हसला, तिच्याकडे बघून हसला, आणि स्टेजकडे निघून गेला.

आता नणंद टोमणा मारणार म्हणून वहिनी वाट बघत राहिली. नणंदेने नुसती सुई ओवली आणि खाली मान घालून टाके घालू लागली. ते टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

मग गाणं सुरू झालं. गुरुवारी पहिलं लागायचं तेच. आणि अख्खा हॉल घुमायला लागला. खिडक्या थरथरल्या, फरशीवरची कात्री सरकली, आणि त्या गदारोळात गाणं बुडून गेलं.

"मीटरवर अगदी बरोबर आहे," साउंडवाला त्याच्या स्क्रीनवरचे आकडे बघत स्टेजकडे ओरडला. मग या दोघींकडे वळला. "काकू, आटपा लवकर. टेस्टिंग चालू आहे."

वहिनी उठली. त्याला ओळख पटली नाही तर नाही, पण गाण्याचे असे हाल तिला बघवेनात. मागे खांब होता. तिने पाठ टेकवली, गळ्यातली पट्टी काढली, दोन हातांत ताणून डोक्याच्या वर धरली आणि हात हळूहळू जवळ आणले.

स्टेजवर भोवऱ्याचा डावा हात बटणाकडे गेला आणि बेस उतरला. हात आधी गेला, मान नंतर वर झाली. त्याने चाचपत चष्मा डोळ्यांवर चढवला.

माइकमध्ये त्याने श्वास घेतल्याचं सगळ्या हॉलला ऐकू आलं.

"मोजपट्टी?"

साउंडवाल्याने मीटर सोडून मागे वळून बघितलं. नणंदेच्या मांडीवरून कापड घसरलं.

"तरीच म्हटलं," माइकमधून आवाज आला, "बावीस वर्षं हा बेस कुठेच का बसत नाही. सांग, आता कसं वाटतंय?"

वहिनीच्या तोंडात टाचण्या तशाच होत्या. डोळे भरून वाहत होते, ते पुसायला हात मोकळे नव्हते. तिने पट्टीवरचे हात आणखी जरासे जवळ आणले.

नणंद उठून उभी राहिली. वहिनीच्या हातांकडे तिने नीट निरखून बघितलं, एक डोळा मिटून, माप घेताना बघायची तसं. मग दोन्ही तळवे तोंडाशी धरून स्टेजकडे ओरडली,

"अजून दोन बोटं कमी, म्हणतेय आमची वहिनी."