घाटीतला धोंडा

हँडब्रेक करकरत वर आला आणि भिकाजीच्या मुठीत लुळा पडला, वाळल्या पडवळासारखा. भिकाजीने पायातला ब्रेक तसाच दाबून ठेवला. घाटीचा चढ अर्धा झाला होता. मागे लाल रस्ता सरळ खाली उतरत गेला होता. खाली वळण, आणि वळणापलीकडे कठडाबिठडा काही नाही. थेट खाडी.

“दादा, ब्रेक धरता मां रे?” शेजारी बसलेल्या यशोदाने विचारलं.

“धरता गो,” भिकाजी म्हणाला. सख्ख्या बहिणीशी इतकं धडधडीत खोटं तो आजवर बोलला नव्हता.

धरतो कसला, कपाळ! शिमग्यापासून त्याची तार ढिली झाली होती. पण भाडी सोडून कणकवलीला मिस्त्रीकडे दिवस कोण घालवणार? ओढून ठेवला की ब्रेक जरा वेळ टिकायचा, मग हळूच सुटायचा. तेवढ्यात उडी मारून चाकामागे धोंडा सारायचा, ही भिकाजीची अक्कल. आजवर निभावलं होतं. पण आजवर गाडीत बाजाराला जाणारी धडधाकट माणसं असायची. आज यशोदा होती, दिवस भरलेली, पहाटेपासून कळा देणारी. मागच्या सीटवर तिला धक्के सोसेनात, म्हणून पुढच्या सलग बाकावर भिकाजीने तिला आपल्या शेजारी बसवलं होतं. वाटभर ती मान खाली घालून त्याच्या पायांकडे बघत होती. कळांनी बिचारीने मान टाकली, असं त्याला वाटलं.

या चढावर थांबायचं त्याच्या मनातही नव्हतं. पण मागे बसलेली आई, सावित्रीबाई, ऐकेल तर ना! यशोदाच्या पहिल्या खेपेला बैलगाडी इथून घाईघाईत पुढे काढली, घाटीची राखण करणाऱ्या देवचाराला नारळ दिला नाही, आणि बाळ मालवणच्या इस्पितळात पोचायच्या आधीच गेलं. हे त्यांच्या मनातून जाता जात नव्हतं. या खेपेला नारळ दिल्याशिवाय चाक पुढे गेलं तर आपण इथेच उतरू, असं त्यांनी निक्षून सांगितलं. भिकाजीला त्यांच्यावर रागावताही येईना. ते बाळ त्यानेच पंच्यात गुंडाळून घरी परत आणलं होतं.

इंजिन बंद करायची सोय नव्हती. एकदा बंद पडलं की हँडल मारून मारून दंड भरून यायचे, आणि तेवढा वेळ यशोदाकडे नव्हता. म्हणून गाडी गिअरमध्येही ठेवता येईना. आई नारळ घेऊन पुढे गेली. मग भिकाजीने देवाचं नाव घेऊन पाय उचलला, खाली उडी टाकली, रस्त्याकडेचा एक चुना फासलेला तुटका धोंडा उचलला आणि लाथेने मागच्या चाकाखाली सारला. गाडी जागची तसूभर हलली नाही. मेल्या ब्रेकने आज लाज राखली म्हणायची, असं पुटपुटत त्याने घाम पुसला.

देवचाराची जागा रस्त्याच्या वर, ऐनाच्या झाडाखाली होती. तिथे पोचल्यावर नवीच अडचण. नारळ देवाच्या पाषाणावर फोडत नाहीत, शेजारच्या धोंड्यावर फोडतात, आणि तो धोंडा खडीवाल्यांनी फोडून रस्त्यात घातला होता. भिकाजीने आईला दुसरा धोंडा बघायला सांगितलं, देवाकडे तोंड केलं आणि डोळे मिटून गाऱ्हाणं सुरू केलं. लेकराला आणि आईला सुखरूप सोडव, मागच्या चुका पोटात घाल. शब्द ओठांवर होते, कान गाडीच्या धडधडीकडे होते. आई धापा टाकत परतली, धोंडा खाली ठेवला आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागे “व्हय म्हाराजा” म्हणू लागली.

गाऱ्हाणं संपलं. भिकाजीने वाकून नारळ आपटला. पहिल्याच घावाला दोन भकलं झाली, पाणी धोंड्यावरून ओघळलं, वरची माती धुऊन गेली आणि खालचा चुना पांढराफेक दिसू लागला.

भिकाजीच्या हातातली भकलं गळून पडली.

“आये, ह्यो धोंडो खंयसून हाडलंस?”

“गाडयेच्या चाकाकडसून. सुटोच पडलो हुतो.”

त्याला मागे वळून बघवेना. या क्षणी गाडी वळणावर असेल की खाडीत, एवढाच विचार डोक्यात उरला. मग मान वळली. गाडी होती. जिथे सोडली तिथेच, त्या उभ्या चढावर, चाकाला काही अडण नसताना, धडधडत उभी होती.

तो धावत सुटला. धोंडा उचलायचंही भान राहिलं नाही. मागून आईचा रडवेला आवाज येत होता, “देवान धरल्यान रे झिला, देवान धरल्यान.” आणि भिकाजीला ते शंभर टक्के पटलं होतं. देवाशिवाय दुसरं कोण धरणार? गाडीच्या दाराशी पोचताच त्याचे डोळे भरून आले. ऐनाच्या झाडाकडे वळून त्याने हात जोडले.

गाडीतून कण्हणं आलं. त्याने खिडकीतून आत पाहिलं. यशोदा बाकावर आडवी घसरली होती. पाठ पलीकडच्या दाराला टेकलेली, दोन्ही मुठींत बाकाची कड, ओठ दातांखाली, तोंड घामाने निथळत होतं. तिचा उजवा पाय भिकाजीच्या जागेपर्यंत ताणला होता आणि टाच ब्रेकवर घट्ट रुतली होती.

“हात मगे जोड, दादा,” ती म्हणाली. “तू उतारल्यापासून दाबून धरलंय, पाय भरान इलो. आदी धोंडो लाय.”