रादोमिरचे गाल

“गाल फुगवा,” डॉ. इस्क्रा दुसऱ्यांदा म्हणाल्या.

रादोमिरने ओठ मिटले. श्वास आला आणि ओठांच्या फटीतून हलकेच निघून गेला. गाल सपाटच राहिले.

पट्टी आणि सूज यांमुळे हसू सरळ येतंय की वाकडं, ते कळत नव्हतं. उरली होती ती एवढीच परीक्षा.

कालच्या शस्त्रक्रियेतला दुर्बिणीचा पडदा डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे आला. कानाखालची गाठ साधी होती, कर्करोगाची नव्हती. गालापर्यंत मोठी चीर देऊन ती काढावी, असं वरिष्ठांचं मत. दुर्बिणीचा हट्ट इस्क्रांचा. कानामागे, केसांच्या कडेला लपणारी लहानशी चीर. आत एक बारीक दिवा. आणि त्या उजेडात गाठीला बिलगलेली ती शुभ्र नस, गालाला अन् ओठांना हलवणारी. ती सोडवायला तास लागला होता. तुटली नव्हती. पण ताणली गेली असेल तर?

दक्षिण सर्बियातल्या त्या खोऱ्यात रादोमिरच्या ट्रम्पेटशिवाय नवरी उंबरा ओलांडत नसे. भूल देण्याआधी त्याने एकच विचारलं होतं, वाजवता येईल ना. इस्क्रा हो म्हणाल्या होत्या.

“पुन्हा एकदा.”

पुन्हा तेच. डॉक्टरांचा चेहरा पाहून रादोमिरही पांढरा पडला. चादरीवर त्याची तीन बोटं नकळत वाद्याच्या कळा दाबू लागली.

खिडकीशी सफरचंद सोलत बसलेल्या त्याच्या बायकोने, सावेताने, सुरी खाली ठेवली.

“हे नाही गाल फुगवणार, डॉक्टरीणबाई. वाजवताना गाल फुगला की सासरे लाकडी चमचा हाणायचे. हे नऊ वर्षांचे होते तेव्हा. माझं एक अक्षर ऐकत नाहीत, पण बापाचं पन्नास वर्षं ऐकतायत.”

 इस्क्रा खाटेच्या कडेला बसल्या.

“रादोमिरकाका,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “आज वाजवायचं नाहीये. आज फक्त चुकायचंय.”

बाप जाऊन वीस वर्षं झाली होती. तरीही रादोमिरने आधी दाराकडे पाहिलं. मग, चोरी करावी तसे, त्याने गाल फुगवले.

दोन्ही. अगदी सारखे.