मागची सीट

धावपट्टी सोडली न सोडली तोच तिच्या नवऱ्याचं लढाऊ विमान कोसळलं. इंजिन कुरकुरतंय, हे त्यानं हवाई तळाच्या प्रमुख साहेबांच्या कानावर घातलं होतं. तरी त्यांनी त्याला दामटून उडायला लावलं. शोकसभेत मात्र साहेबांनी सगळं खापर मेलेल्याच्या डोक्यावर फोडलं. "विमानं ठणठणीत आहेत. हात चुकला तो त्याचा."

ती सगळ्यांसमोर उठली. "अपघातानंतरचं पहिलं उड्डाण साहेबांनी करायचं, ही आपली रीत ना?"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "हो, पण वहिनी, माझी पाठ..."

"तुम्ही मागच्या सीटवर नुसते बसा," खुर्चीखाली आणून ठेवलेलं स्वतःचं वैमानिकाचं हेल्मेट उचलत ती म्हणाली. "विमान मी उडवते. माझा हात नाही चुकायचा."